मुफर्रका बिघडतो कुठे आणि जमतो कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात शिकत असताना तुमची जॉर्डनमधली, इरबिदची मैत्रीण रात्रीच्या जेवणाला बटाटा आणि अंड्याचा एक साधा पदार्थ करायची. ती त्याला 'म्फर्रके' म्हणायची. आता तुम्ही घरी करून बघताय, पण एकदा बटाट्याचा लगदा होतो, एकदा अंडं रबरासारखं कोरडं पडतं, आणि दोन्ही नीट जमलं तरी 'ती' चव येत नाही. बटाटे उकडून घ्यावेत की तळून, आणि त्यात कुठला मसाला राहून जातोय, हे तुम्हाला हवं आहे.

मी मूळचा गुहागरकडचा. शारजामध्ये एका शामी हॉटेलच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं काढली. शाम म्हणजे सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन, जॉर्डन हा सगळा पट्टा. आमच्या मेन्यूवर हा पदार्थ कधीच नव्हता. पण दुपारी चारच्या सुमारास गिऱ्हाईक ओसरलं की आमच्या स्वतःच्या जेवणासाठी आठवड्यातून दोन-तीनदा तोच व्हायचा. आमचे मुख्य आचारी जॉर्डनमधल्या अजलूनजवळच्या एका गावचे. त्यांना सगळे 'मुअल्लिम' म्हणायचे. आपण वस्ताद म्हणतो तसं. दिवसभर ग्रिलसमोर उभा राहिलेला हा माणूस स्वतःच्या जेवणाला मात्र बटाटा-अंडंच मागायचा, आणि ते करताना दुसऱ्या कुणाला कढईला हात लावू द्यायचा नाही. मी शिकलो ते त्यांच्या शेजारी उभा राहून.

आधी नावाकडे बघा, कारण कृती नावातच आहे. अरबीत 'फरक' या धातूचा अर्थ चोळणं, चुरणं. मुफर्रका म्हणजे चोळलेलं. पुस्तकी उच्चार मुफर्रका, बोलताना म्फर्रके. अंडं बटाट्यावर ओतून थापायचं नाही, बटाट्यात चुरायचंही नाही. ते प्रत्येक फोडीच्या अंगाला चोळायचं. पदार्थ तयार झाल्यावर बटाट्याची फोड फोडच दिसली पाहिजे, आणि तिच्यावर अंड्याचा मऊ, ओलसर लेप असला पाहिजे. तुमचं जे बिघडतंय ते बहुतेक इथेच. आपल्या हाताला भुर्जीची सवय असते. भुर्जीत अंडं मुख्य आणि बाकीचं त्यात मिसळलेलं. इथे बटाटा मुख्य. त्यामुळे प्रमाणही बदलतं : अर्धा किलो बटाट्याला चार अंडी, बास. सहा घातलीत की ती बटाटा घातलेली भुर्जी होते.

आता बटाटे. उकडायचे नाहीत आणि भरपूर तेलात तळायचेही नाहीत. तुम्हाला हा मधला मार्ग आधीच येतो, कारण तो आपल्या काचऱ्यांचा आहे. थोड्या तेलावर परतायचं, झाकण ठेवून वाफ आणायची, झाकण काढून खरपूस करायचं. फक्त चिरणं वेगळं. काचऱ्या पातळ असतात. इथे चौकोनी फोडी हव्यात, एक ते दीड सेंटिमीटरच्या, आणि सगळ्या सारख्या. हे सारखेपण शोभेसाठी नाही. लहान-मोठ्या फोडी असल्या की मोठी शिजेपर्यंत लहान फुटते, आणि ती फुटली की तिच्यातला स्टार्च बाहेर येऊन अंड्याला चिकटतो. तुमचा लगदा तिथून सुरू होतो.

चिरलेल्या फोडी दोन पाण्यांतून काढा आणि पंचावर पसरून अगदी कोरड्या करा. धुतल्याने चिरलेल्या पृष्ठभागावरचा मोकळा स्टार्च जातो, नाहीतर फोडी कढईला आणि एकमेकींना धरतात. आणि ओल्या फोडी तेलात पडल्या की तेल एकदम थंड होतं, बटाटा परतला न जाता तेलात भिजत राहतो. मुअल्लिम फोडी पुसायला वेगळा पांढरा टॉवेल ठेवायचे. बाकी कशाबद्दल ते फार बोलायचे नाहीत, पण ओल्या फोडी पातेल्यात दिसल्या की मात्र परत पाठवायचे.

बटाटा कुठला घ्यायचा हेही महत्त्वाचं. लेबनॉनमध्ये बेका खोऱ्यात आणि अक्कारमध्ये बटाट्याची मोठी शेती आहे, आणि तिथे 'स्पुंता' ही डच जात भरपूर लावतात. लांबट, पिवळसर सालीचा, शिजल्यावर फार पिठूळ न होणारा बटाटा. आपल्या बाजारात तसा नेमका मिळत नाही, पण काय टाळायचं ते सांगतो. उत्तरेकडचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, शीतगृहात जातो आणि तिथून वर्षभर थोडा थोडा बाजारात येत राहतो. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. असा बटाटा चवीला गोडसर लागतो आणि आत कच्चा असतानाच बाहेरून काळपट होतो. तुम्हाला वाटतं जाळ जास्त झाला, पण दोष जाळाचा नसतो. असे बटाटे आले तर ते फ्रिजबाहेर, अंधाऱ्या जागी, टोपलीत आठ-पंधरा दिवस राहू द्या. गोडवा बराच उतरतो. आणि घरात आणलेला बटाटा कधीही फ्रिजमध्ये ठेवू नका. पावसाळ्यानंतर मंचर किंवा सातारा भागातला ताजा बटाटा मिळाला तर तो या पदार्थाला उत्तम. पातळ सालीचा नवा बटाटा आकार छान धरतो.

कढईबद्दल : बिडाचा खोलगट तवा किंवा जाड लोखंडी कढई असेल तर प्रश्नच नाही. फोडी एका थरात, फार तर दीड थरात मावल्या पाहिजेत. ढीग झाला की खालच्या करपतात, वरच्या वाफेवर उकडतात. चार माणसांचं करायचं असेल तर दोन खेपा करा, लाज वाटून घेऊ नका. आम्ही तीस माणसांच्या जेवणाला तीन कढया मांडायचो.

अर्धा किलो बटाट्याला चार मोठे चमचे तेल लागतं. जास्त वाटेल, पण यातलं बरंचसं शेवटी अंडं घेतं. तेल तापलं की कोरड्या फोडी घाला आणि दोन मिनिटं हात लावू नका. खालची बाजू सोनेरी झाली की उलथण्याने खालून वर घेऊन एकदा पालटा. आणखी तीन मिनिटं गेली की अर्धं मीठ घाला, आच मंद करा आणि झाकण ठेवा. मीठ आत्ताच घालायचं, कारण ते फोडीतलं थोडं पाणी बाहेर ओढतं आणि त्याच पाण्याच्या वाफेवर बटाटा शिजतो. वरून पाणी शिंपडायचं नाही. पाच-सहा मिनिटांनी झाकण काढा आणि कांदा घाला : एक मध्यम कांदा, बारीक चिरलेला. पुष्कळ घरांत कांदा आधी परततात, आणि तेही चुकीचं नाही. तसा मुफर्रका जास्त मऊ आणि गोड होतो. पण तुमची अडचण लगद्याची आहे म्हणून सांगतो, कांदा नंतर घाला. आधी घातलेला कांदा पाणी सोडतो, बटाट्याला खरपूसपणा येऊ देत नाही, आणि बटाटा होईपर्यंत स्वतः करपतो.

कांदा घातल्यावर झाकण ठेवायचं नाही. आता कढईचा आवाज ऐका. आधी ओलसर 'सर्र' असा आवाज येत असतो. पाणी आटलं की तो बदलतो, बारीक, सुटा, चुरचुर असा होतो. हा आवाज बदलेपर्यंत अंडं फोडायचंच नाही. मुअल्लिमची दुसरी खूण : एक फोड कढईच्या कडेला घेऊन लाकडी चमच्याच्या पाठीने हलकेच दाबायची. ती दबली पाहिजे, पण तिच्या कडा तुटता कामा नयेत. कडक राहिली तर कच्ची, भसकन पसरली तर जास्त झाली. हे इतकं मन लावून यासाठी बघायचं, की अंडं पडल्यावर बटाटा आणखी शिजायला वेळच मिळत नाही. कच्चा बटाटा असताना अंडं घातलं की तो शिजवण्यासाठी तुम्ही कढई विस्तवावर ठेवता, आणि तेवढ्यात अंडं रबर होतं. तुमच्या दोन्ही तक्रारी खरं तर एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत : बटाटा नेमका झाल्याची वेळ हुकणं.

अंड्याचं पांढरं साधारण 62–65 अंशांना धरायला लागतं आणि पिवळं त्याच्या थोडं पुढे. तुमची कढई त्या वेळी त्याच्या दुपटीहून जास्त तापलेली असते. म्हणून अंडी घालायच्या आधी आच अगदी बारीक करा आणि अर्धा मिनिट थांबा. चार अंडी वाटीत फोडून उरलेलं मीठ आणि अर्धा लहान चमचा ताजी कुटलेली मिरी घाला, काट्याने आठ-दहा वेळाच हलवा. फेस काढायचा नाही. पांढऱ्या-पिवळ्याच्या रेषा दिसत राहिल्या पाहिजेत. काही जण अंडी सरळ कढईतच फोडतात आणि पांढरं धरायला लागलं की मग हलवतात, त्यात दोन रंगांचे तुकडे वेगळे दिसतात. मला तो प्रकार दिसायला आवडतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याने वाटीतूनच घालावं.

अंडं सगळ्या फोडींवर फिरवून ओता. वीस सेकंद काहीच करू नका. मग चमचा तळाला टेकवून बाहेरून आत सावकाश ओढा, कढई थोडी फिरवा, पुन्हा ओढा. असं सात-आठ वेळा, त्याहून जास्त नाही. हेच ते चोळणं. अंडं तीन चतुर्थांश धरलं, अजून थोडी ओली चमक आहे असं दिसलं की गॅस बंद करा आणि कढई खाली उतरवून ठेवा. उरलेलं काम बटाट्याच्या आतली उष्णता करते. 'अजून थोडं होऊ दे' हा मोह इथे आवरायचा. मला तो आवरायला वर्ष लागलं. एकदा मी मुअल्लिमच्या नजरेआड कढई पुन्हा विस्तवावर चढवली होती. त्यांनी घास खाल्ला आणि मला एवढंच म्हणाले, 'अंड्याला तहान लागली आहे.' कोरड्या अंड्याला तेव्हापासून माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

आता मसाला. कुठलाही राहून जात नाहीये. मीठ आणि मिरी, इतकंच. लेबनॉनमध्ये कुणी चिमूटभर 'सात मसाल्यां'ची पूड घालतं, कुणी थोडं जिरं. वरून सुमाक भुरभुरवतात, आणि तो मिळाला तर जरूर घ्या. आंबट, जरा तुरट, गडद लाल पूड असते. न मिळाल्यास लिंबाचे चार थेंब. आलं-लसूण, हिरवी मिरची, गरम मसाला यांतलं काही घालू नका. घातलं तर छानच लागेल, पण मग तो पदार्थ आपला झाला.

मग 'ती' चव कुठून आली? तुम्ही जाता जाता लिहिलंय की त्या मैत्रिणीकडे घरून आणलेली पिवळ्या रंगाची एक बरणी असायची आणि त्यातलं चमचाभर ती कढईत घालायची. माझ्या मते उत्तर त्या बरणीत आहे. ते बहुधा 'सम्ने बलदी' असणार. सम्ने म्हणजे तूप, बलदी म्हणजे गावठी. जॉर्डनमध्ये ते मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाच्या लोण्याचं करतात. लोणी कढवताना त्यात हळद, मेथीदाण्यासारखे जिन्नस आणि 'बुरगुल' म्हणजे गव्हाचा उकडून वाळवलेला रवा घालतात. आपल्याकडे लोणी कढवलं की खाली बेरी राहते ना, ती बेरी आणि उरलेलं ताक हा बुरगुल शोषून घेतो, आणि वरचं तूप स्वच्छ निघतं. खाली राहिलेला तो तुपकट बुरगुल घरातली मुलं चाटून-पुसून खातात, आपण बेरीत साखर घालून खातो तशीच. आपण कढत्या तुपात शेवटी विड्याचं पान टाकतो, तिथे हळद आणि मेथी. म्हणून तुमच्या मैत्रिणीच्या बटाट्याला पिवळा रंग आणि ओळखू न येणारा किंचित कडवट, उबदार वास होता. तुम्ही तो वास मसाल्यांच्या डब्यात शोधताय. तो तुपात होता.

घरी त्याच्या जवळ जायचं तर असं करा. पाव वाटी साजूक तूप मंद आचेवर वितळवा, त्यात सात-आठ मेथीदाणे आणि हळदीची अगदी लहान चिमूट घाला. मेथी तांबूस झाली की लगेच उतरवा, काळी होऊ देऊ नका, नाहीतर कडू होईल. गाळून ठेवा. बटाटे साध्या तेलावर करा आणि अंडं घालायच्या अगदी आधी या तुपाचा एक चमचा सोडा. शेळीच्या लोण्याचा उग्रपणा त्यात येणार नाही, पण तुम्हाला आठवण पटेल असं मला वाटतं.

सगळीकडे तूप घालतात असं मात्र नाही. अजलून, पॅलेस्टाइनमधलं जेनिन आणि नाब्लुस, लेबनॉनमधलं कूरा हा सगळा जैतुनाचा, म्हणजे ऑलिव्हचा मुलूख. तिथे घरात नुसतं 'जैत' म्हटलं की जैतुनाचंच तेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झोडणी होते, घाण्यावरून मोठे पत्र्याचे डबे घरी येतात आणि वर्षभर पुरवायचे असतात. अंडी, बटाटे, टोमॅटो सगळं त्याच तेलात. आपल्याकडे 'ऑलिव्ह ऑइल तापवू नये' असं पुष्कळांनी मनात घेतलंय. चांगलं तेल साधारण 190 अंशांच्या पुढे धुरायला लागतं. मंद आचेवरच्या ओलसर बटाट्याच्या कढईत ते तिथवर जात नाही. अडचण किमतीची आहे. म्हणून माझा सल्ला : तीन चमचे शेंगदाण्याचं रिफाइंड तेल परतायला, आणि एक चमचा चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन शेवटी. 'लाइट' किंवा 'पोमेस' लिहिलेली बाटली घेऊ नका. त्यात जैतुनाची चव जवळजवळ नसते, मग शेंगदाण्याचं काय वाईट?

याच नावाची भावंडंही आहेत. कोवळ्या कोश्याची, म्हणजे झुकिनीसारख्या लहान भोपळ्याची भरली भाजी करताना आतला गर कोरून काढतात. तो फेकत नाहीत. कांद्यावर परतून, पाणी आटवून त्यात अंडं चोळतात. तो कोश्याचा मुफर्रका. लेबनॉनमध्ये बटाट्यात खिमा घालूनही करतात. 'इज्जे' म्हणून जे मिळतं ते वेगळं, ते हिरव्या पाल्याचं थापलेलं ऑम्लेट. मुंबईच्या पारशी घरांतला पपेता पर ईडू मात्र याचा खरा शेजारी : बटाटा खाली शिजवून वर अख्खी अंडी फोडतात आणि झाकण ठेवतात. साहित्य तेच, पण तिथे अंडं बटाट्यावर बसतं, इथे अंगाला लागतं. आणि शब्दाचं म्हणाल तर आपला 'बटाटा' पोर्तुगीज 'बटाटा'वरून आला, अरबांचा 'बताता'ही त्याच कुळातला; दोघांचं मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या रताळ्याच्या नावात. शारजात पहिल्या दिवशी मला अरबीतला हा एकच शब्द न शिकवता कळला होता.

खायचं कसं, हेही कृतीइतकंच महत्त्वाचं. ताटात वाढून चमच्याने खाऊ नका. कढई किंवा थाळा मध्ये ठेवायचा, खुब्ज म्हणजे पोकळ गोल रोटी हाताने तोडायची, तुकड्याची चिमटी करून दोन फोडी उचलायच्या. घरी पिटा नसेल तर गरम फुलका चालतो. जॉर्डनमध्ये 'श्राक' ही पातळ रोटी उलट्या तव्यावर भाजतात, आपल्या खानदेशातले मांडे उलट्या खापरावर भाजतात तशी; त्यामुळे पातळ पोळी या पदार्थाला परकी नाही. पाव नको, तो सगळं तेल पिऊन टाकतो. सोबत काहीतरी आंबट आणि काहीतरी कचकचीत हवंच : जैतून, सलगमाचं गुलाबी लोणचं, मुळा, पातीचा कांदा, टोमॅटो-काकडीच्या फोडी. आपल्या घरात असलेलं मिठातलं लिंबू बारीक चिरून घ्या, मी आता गुहागरला तसंच करतो. रमजानमध्ये पहाटेच्या सहेरीलाही हाच पदार्थ होतो, कारण वीस मिनिटांत उठतो आणि दुपारपर्यंत पोटाला आधार देतो. त्याबरोबर काळा गोड चहा, पुदिन्याचा; थंडीत त्यात 'मरमिय्ये'ची, म्हणजे सेजची, दोन पानं.

उरलं तर पुन्हा गरम करू नका. थंडच रोटीत गुंडाळून, लोणच्याची एक फोड आत ठेवून डब्याला द्या. आमच्या सकाळच्या पाळीतली पोरं रात्रीचं मुद्दाम राखून ठेवायची.

आणि मैत्रिणीशी अजून बोलणं असेल तर तिच्या आईला तुपाबद्दल नक्की विचारा. प्रत्येक घराचा त्यातला जिन्नस थोडा वेगळा असतो, आणि मी अंदाज केलाय तो तिच्या घरापुरता चुकू शकतो. तुम्ही केलेल्या कढईचा फोटो पाठवलात तर ती 'सहतेन' म्हणेल, म्हणजे तुम्हाला दुप्पट आरोग्य लाभो. त्यावर उत्तर 'अला अल्बेक' असं द्यायचं, तुझ्या हृदयाला.